तू हो पुढे

रविवार, १२ तारीख

पोचलो एकदाचे! बोटीत धाकटीने ही कोरी वही माझ्या मांडीवर टाकली आणि फर्मान काढलं, की बेटावर असेपर्यंत दर वेळी मोबाइल बघावासा वाटला की त्याऐवजी यात चार ओळी लिहायच्या. मी म्हटलं, मग ही उद्या दुपारपर्यंत भरेल. ती हसली, मीही हसले. आम्ही दोघी बहिणी अशा एकत्र शेवटच्या कधी हसलो होतो, आठवत नाही.

ऊन कोवळं, समुद्र शहाण्यासारखा शांत. धक्क्यावर उतरल्या उतरल्या बाईसाहेबांनी चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच निघाल्या. मी मागून दोन्ही बॅगा ओढत. पुढच्या महिन्यात ही नोकरीसाठी जगाच्या पार दुसऱ्या टोकाला चाललीय, ती काही वर्षं तरी परत यायची नाही. त्याआधी फक्त दोघींनी कुठेतरी जायचं, हे आमचं कधीपासून ठरलेलं. ठरायचं आणि मोडायचं. मोडायला कारण एकच, माझा साहेब. ऑफिसात त्याला पाठीमागे सगळे हेडमास्तर म्हणतात. कुणाच्या रजेचं नाव काढलं की याच्या पोटात दुखायला लागतं. या खेपेला त्याने फार मोठ्या मनाने सांगितलं, की रजा नाही जमणार, पण तिथूनच काम कर ना, इंटरनेट असलं म्हणजे झालं, तुला काय फरक पडतो? मी पडत्या फळाची आज्ञा मानून हो म्हटलं. सकाळी काम उरकायचं, जेवून भटकायला निघायचं. शनिवारी परतीची बोट. मनात म्हटलं, बघ कसं फसवलं तुला.

घर धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. खाली घरमालकीण राहते, वर आमची खोली. दोन पलंग, एक करकरणारं कपाट, आणि खिडकीला लावून टेबल-खुर्ची. खिडकीतून खाली बघितलं की अंगण, फाटक, तिथून धक्क्यापर्यंत उतरत गेलेली गल्ली आणि पुढे नुसतं पाणी. इंटरनेट फक्त या टेबलापाशी धड चालतं. जिन्यापर्यंत गेलं की गचके खातं. म्हणजे खुर्चीला खिळून बसणं आलं, पण सकाळपुरतंच.

घरमालकीण साठीची, अंगाने बारीक, बोलायला फटकळ. धाकटीने तिला लगेच मावशी करून टाकलं. मावशींनी नियम सांगितले. वाळूचे पाय बाहेरच्या नळावर धुवायचे. ओले टॉवेल कठड्यावर नाही, दोरीवर. आणि खालून कुणी हाक मारली, तर यायचं असेल तर या, नसेल तर नाही म्हणून मोकळे व्हा. नुसतं आलेच, आलेच म्हणून माणसाला ताटकळत ठेवायचं नाही, ते या घरात चालत नाही. हे सांगताना बघत होत्या माझ्याकडेच, कारण मी तेव्हा खाली वाकून चार्जरसाठी प्लग शोधत होते. शाळेतल्या मुलीला दटावतात तसं कुणी मला दटावलं की माझं डोकं फिरतं. पण हवा इतकी सुरेख होती, की म्हटलं जाऊ दे.

सोमवार, १३ तारीख

हेडमास्तरला काय म्हणावं हेच कळत नाही. सकाळपासून एकामागून एक मीटिंगा. जेवण टेबलावरच, एका हाताने. एका मीटिंगमध्ये तर पुढची मीटिंग कधी घ्यायची यावरच चर्चा. माझ्याकडून लाटांचा आवाज येतोय म्हणून त्याने सगळ्यांसमोर टोमणा मारला, की मॅडम मजा करतायत वाटतं. मी दात काढले. दुसरं काय करणार?

दुपारी धाकटी तयार होऊन खाली अंगणात गेली. टोपी, टॉवेल, पोहण्याचे कपडे, सगळं घेऊन. बेटाच्या पलीकडच्या अंगाला खडकांच्या आत एक लहानशी चौपाटी आहे, तिथे आम्ही जाणार होतो. तिने खालून हाक मारली. मी कानातला हेडफोन बाजूला करून खिडकीतून ओरडले, तू हो पुढे, मी आलेच! आणि खरंच निघणार होते. पण हेडमास्तरने तेवढ्यात एक तक्ता उघडला आणि त्यातल्या एकेका रकान्यावर गाडी थांबवत बसला. सुटका झाली तेव्हा ऊन उतरलं होतं.

मी चरफडत बसले होते. धाकटी परत आल्यावर गाल फुगवणार, मग मी समजूत काढणार, मग ती म्हणणार की नेहमीचंच आहे तुझं, मग माझा पारा चढणार. हे सगळं मी मनात पाठ करून ठेवलं होतं. पण ती आली ती गाणं गुणगुणत. केस ओले, नाक लाल. म्हणाली, पाणी गार लागल्यावर तू काय किंचाळलीस गं ताई, तो मासेवाला दचकून उठला की! आणि खो खो हसली.

टोमणा आहे हे उघड होतं. हिची जीभ लहानपणापासून अशीच. रागावण्यापेक्षा हे बरं, म्हणून मीही कसनुसं हसले आणि उद्या नक्की येईन म्हटलं. ती म्हणाली, उद्या म्हणजे काय, आजसारखीच ये.

मंगळवार, १४ तारीख

आज दीपगृह. ठरल्याप्रमाणे मी कामाला सकाळी लवकरच बसले, म्हणजे दुपार मोकळी मिळेल. मिळाली नाही. हेडमास्तरला कुणीतरी सांगितलं असावं, की ही बाई दुपारी आनंदात असण्याची शक्यता आहे. बरोब्बर धाकटीच्या हाकेच्या वेळेला त्याचा फोन. मी फोनवर हात ठेवून खिडकीतून कालचंच वाक्य फेकलं. तिने वर बघून मान डोलावली. थोड्या वेळाने कान रिकामा झाला तेव्हा खिडकीतून पाहिलं, तर गल्ली रिकामी.

संध्याकाळी धाकटी आली आणि माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, फोन घरी ठेवून आलीस ना, फार बरं केलंस. वर गॅलरीत तू जे बोललीस ते मी कधी विसरणार नाही. आता मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, पुरे झाले हे टोमणे, नाही आले मी, कबूल, हजारदा कबूल, पण पोटासाठी करतेय, मौज म्हणून नाही. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूच गेलं. ती आंघोळीला गेली.

मी पाणी आणायला खाली उतरले तर मावशी भाजी निवडत बसलेल्या. मला बघून म्हणाल्या, अहो, आत्ता तर तुम्ही फाटकापाशी चप्पल झटकत होतात, वर कधी गेलात? मी म्हटलं, मी दिवसभर वरच आहे. त्यांचा हात थांबला. काहीतरी विचारणार होत्या, पण माझा फोन वाजला आणि मी जिना चढून वर पळाले. त्या टेबलाशिवाय आवाज नीट येत नाही ना! सगळ्या घराचं इंटरनेट एका खुर्चीत कोंबणाऱ्याला एकदा भेटायचं आहे मला.

बुधवार, १५ तारीख

पेन इतकं दाबून लिहितेय की कागद फाटेल. भीतीने नाही, रागाने. निदान मी तरी असंच म्हणणार.

सकाळी चहा पिताना धाकटीने मोबाइल माझ्यापुढे धरला. कालचा फोटो. दीपगृहाच्या गॅलरीत, वाऱ्यावर, दोघी. एक ती, एक मी.

मी. माझा पिवळा शर्ट घातलेली. तो शर्ट मी या सहलीसाठी नवा घेतलाय आणि अजून बॅगेत घडीत आहे, टाचण्या न काढलेला. उठून बघितला, आहे. फोटोतल्या बाईच्या पुढच्या दाताचा कोपरा माझ्यासारखाच तुटलेला. धाकटीला झोका देताना पडले होते तेव्हाचा. चेहरा माझा, मान माझी, खांद्यावर हात टाकायची पद्धत माझी. हसणं तेवढं माझं नव्हतं. मी इतकी मन मोकळं करून कधी हसले होते, मला सांगा. या हसण्याला कसली घाई नव्हती.

दाखवताना धाकटी फोटोकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

मी तिला विचारलं नाही. काय विचारणार? तरातरा खाली गेले आणि मावशींना जाब विचारला, की माझं तोंड लावून तुमच्या बेटावर कोण फिरतंय? मावशी शांतपणे म्हणाल्या, तुम्ही येते म्हणालात का? म्हटलं, हो. मग गेलात का? म्हटलं, नाही, काम होतं. त्यावर त्या बाईने मलाच झापलं! म्हणाल्या, पहिल्याच दिवशी बजावलं होतं ना? या घरात तोंडातून गेलेला शब्द वाया जात नाही. तुम्ही येते म्हणायचं आणि यायचं नाही, म्हणजे कुणाला तरी यावंच लागतं. आता उपाय एकच, ती निघण्याआधी तुम्ही निघा. किंवा सरळ नाही म्हणा. आणि जपून बोला.

सरळ नाही! हे हेडमास्तरला म्हणता आलं असतं तर मी इथे लॅपटॉप घेऊन कशाला आले असते?

आज दुपारी धाकटीने हाक मारलीच नाही. फाटकाचा आवाज झाला. उठून बघेपर्यंत उशीर झाला होता. गल्लीच्या वळणावर दोन सावल्या वळल्या.

गुरुवार, १६ तारीख

सकाळीच हेडमास्तरला कळवून टाकलं, की दुपारी मी नाही. त्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं. जेवण झाल्याबरोबर लॅपटॉप मिटला, शर्टाच्या टाचण्या काढल्या, अंगात घातला. धाकटी खाली अंगणात. हाक आली. मी दाराच्या कडीला हात घातला.

फोन वाजला.

हेडमास्तर. क्लायंट लाइनवर आहे, फक्त दोन मिनिटं, तुझ्याशिवाय कुणाला ते माहीत नाही. आणि खालून पुन्हा हाक. आणि माझ्या तोंडातून, सवयीने, मी अडवायच्या आत, तेच निघालं. तू हो पुढे. मी जीभ चावली. रक्त आलं इतकी चावली. पण गेलं होतं ते.

खिडकीशी धावले. धाकटी फाटकाजवळ उभी होती. वर बघत नव्हती, घराच्या दाराकडे बघत होती. माझ्या खिडकीच्या बरोबर खाली दार आहे. त्या दारातून मी बाहेर पडले.

वरून डोकंच दिसलं आधी. माझा भांग. माझी क्लिप, जी माझ्याच डोक्यात होती, मी हात लावून बघितली. पिवळा शर्ट. तिने धाकटीच्या हातात हात घातला. मी घसा फाडून ओरडले. धाकटीने वर पाहिलं. त्या दुसरीने नाही पाहिलं. तिला घाईच नाही.

कानात हेडमास्तर विचारत होता, की क्लायंटसमोर हे ओरडणं कसलं? आणि मी त्याची माफी मागितली! माझी बहीण कुणी माझ्या डोळ्यांदेखत घेऊन जातंय आणि मी त्या माणसाला सॉरी, सॉरी म्हणतेय. स्वतःचीच इतकी चीड मला कधी आली नव्हती.

मग धावत सुटले. चौपाटी, दीपगृह, खडक, सगळं पालथं घातलं. आइस्क्रीमवाला म्हणाला, ताई, पुन्हा आलात? काही विसरलं का?

शुक्रवार, १७ तारीख

आज लॅपटॉप उघडलाच नाही. सकाळपासून दाराच्या पायरीवर बसून राहिले. कोण येतंय बघतेच.

धाकटीला म्हटलं, आज मी आहे. मी, खरी. तिला आनंद झाला नाही. निघालो. चालताना ती सारखी मागे वळून बघत होती. मी बोलत होते. काय बोलत होते? ऑफिसचं. हेडमास्तरचं. त्याने काय केलं, मी काय म्हटलं, त्यावर तो काय म्हणाला. दुसरं काही सुचेना. खिशात फोन थरथरत होता. मी घेतला नाही. मग घेतला. नुसतं सांगायला, की मी नाही म्हणून. पाठ फिरवून उभी राहिले, आवाज नीट यावा म्हणून.

वळले तेव्हा वाळूवर लांब दोघी चालत होत्या.

धाकटी संध्याकाळी एकटी परत आली. मी तिला खोलीच्या दारातच धरलं. सगळं सांगितलं, ती मी नाही, ती कोण आहे कुणास ठाऊक, तुला कळत कसं नाही. दंड धरून हलवून हलवून सांगितलं.

ती म्हणाली, मला माहीत आहे. पहिल्याच दिवशी कळलं होतं, पाण्यात हात धरला तेव्हा. हात पाण्याहून गार होता.

मग? मी म्हटलं, मग?

म्हणाली, ती आली, ताई. तू म्हणत राहिलीस, ती आली. तिने मला विचारलं, परक्या ठिकाणी जायची भीती वाटते का. आईलाही हे सुचलं नाही. तुला ठाऊक आहे का, मला किती भीती वाटतेय?

मी जवळ घ्यायला हवं होतं. कळत होतं. पण माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता, आणि मी घर डोक्यावर घेऊन ओरडले, की एवढीच गोड लागतेय तर तिलाच घेऊन जा घरी! मी राहते इथेच, मला नको येऊस न्यायला!

खाली मावशींच्या हातातलं भांडं पडलं.

धाकटी बॅग भरायला लागली. मी खिडकीकडे तोंड करून बसले. परत घ्यायला हवा होता शब्द. तोंडापर्यंत आला होता. पण आधी तिने माफी मागावी, असं वाटत—

शनिवार, १८ तारीख

उन्हाने जाग आली. धाकटीचा पलंग रिकामा. तिची बॅग नाही. माझीही बॅग नाही. शर्ट नाही. टेबलावर लॅपटॉप, मोबाइल, ही वही.

मावशी आल्या. चादरी काढल्या, धाकटीची, मग माझी. मी हाक मारली. त्यांनी खिडकीची धूळ पुसली. मी त्यांच्यापुढे उभी राहिले, ओरडले. त्या माझ्यातून पलीकडे बघत मान हलवून पुटपुटल्या, एवढं सांगूनही— आणि केरसुणी घेऊन गेल्या.

जिना उतरले. दार उघडं होतं. उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि खुर्चीत आहे. पुन्हा उतरले. पुन्हा खुर्चीत. लाथ मारली खुर्चीला. तरी खुर्चीत.

आईला फोन लावला. लागला! म्हटलं आई, मी बोलतेय. आई म्हणाली, ती तर आत्ताच बोलली माझ्याशी, दोघी बोटीत बसल्यासुद्धा. आणि मग, अनोळखी माणसाशी बोलतात तसं, आपण कोण बोलताय?

मी नाव सांगितलं. आईने फोन ठेवला. रागावून ठेवला. कळतं मला तिचं.

लॅपटॉपवर हेडमास्तरची हाक. शनिवार आहे, तरी. म्हणतो चित्र दिसत नाही, पण आवाज छान येतोय, सुरू करू या. याला तेवढी ऐकू येते मी. याला!

बोट अजून धक्क्याला आहे. कठड्यापाशी दोघी. दिसतायत. धाकटीने मान खाली घातलीय. दुसरीचा हात तिच्या पाठीवर. किती हळू फिरतोय तो हात.

धाकटीला फोन लावते. एका हाताने लिहितेय, लिहिलं नाही तर— वाजतोय. तिने पर्समधून काढला. बघतेय. घे. घे ना गं.

घेतला.

म्हटलं सोने, मी आहे, चुकले, उतर खाली, अजून दोर सोडला नाही. तू उतरलीस तर मलाही— मी येऊ शकत नाही, तू ये. भीती वाटते ना, मला सांग, मी ऐकतेय, सगळं बंद करून ऐकतेय.

तिचा श्वास ऐकू येतोय. रडतेय. तिने वर पाहिलं, खिडकीकडे. थेट माझ्याकडे. दिसतेय मी तिला, दिसतेय! एक पाऊल टाकलं उतरायच्या फळीकडे—

दुसरीने विचारलं, कुणाचा गं?

धाकटी म्हणाली, कुणाचा नाही ताई. तुझ्या ऑफिसचा दिसतोय.

दोर सोडला.

फोन त्या दुसरीने घेतलाय. माझा आवाज. हसतेय. म्हणतेय मी सुट्टीवर आहे, बहिणीबरोबर आहे, आता कामाचं काही— अगं सटवे, ठेव तो फोन, ती माझी आहे, ती माझी बही